जुन्या गाडीला टायर नवे, ब्रेक मात्र तेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता फुललेला असतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्ह्यात उसाची वाहतूक सुरू होते. या गर्दीतूनच पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या जीप, नऊ आसनी गाड्या, टेम्पो आणि ट्रक धावत असतात. या वाहनांच्या ब्रेकविषयी मी लिहीत आहे, आणि जे लिहितो आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे.

आमच्या घरी २००६ सालची एक डिझेल गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिला मूळ मापापेक्षा उंच आणि रुंद टायर बसवले, पुढे जादा दिवे लावले, आसनांची कव्हरे बदलली. पेडल दाबले की गाडी थांबते आहे, एवढ्या समाधानावर ब्रेककडे पाहिलेच नाही. गेल्या मे महिन्यात घरची आठ माणसे घेऊन देवीचे दर्शन आटोपून परत येताना तुळजापूरच्या घाटात पेडल मऊ पडत असल्याचे जाणवले आणि पुढच्या वळणापर्यंत ते जवळजवळ तळाला टेकले. गिअर एकेक करून खाली आणत आणि हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. तासाभराने पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट लागू लागले. या दोषातली सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे, कारण गाडी मिस्तरीकडे पोहोचेपर्यंत ती पूर्ण बरी झालेली असते आणि चालकाला आपलाच काही भास झाला असे वाटते.

जाणत्या मिस्तरीने चारही चाके उघडल्यावर कारण समोर आले. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटात सतत पाय ठेवल्याने तापलेले ब्रेक जुन्या द्रवाला या मर्यादेपलीकडे नेतात, नळीत वाफ तयार होते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते. आमच्या गाडीतला द्रव चहासारखा काळपट झाला होता. पुढच्या कॅलिपरच्या (चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होत्या, मागच्या एका व्हील सिलिंडरमधून (द्रवाच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या भागातून) गळती होऊन ड्रमला घासून चाक थांबवणारा लायनर भिजला होता आणि मागचे ड्रम त्यांच्यावरच कोरलेल्या कमाल व्यासाच्या पलीकडे झिजले होते. घाटातल्या प्रसंगाच्या महिनाभर आधीच एका गॅरेजने पुढचे पॅड बदलून ‘ब्रेकचे काम झाले’ असे सांगून गाडी परत दिली होती. पॅड खरोखरच नवे होते. बाकीचे कोणी उघडून पाहिले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

टायरची बाजू तर माझ्या गावीही नव्हती. टायरचा व्यास वाढला की तेच चाक अडवण्यासाठी ब्रेकला अधिक जोर लावावा लागतो, शिवाय वेगाचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. वेग ६० वरून ८० झाला तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. म्हणजे ज्या बदलाने गाडी दणकट दिसू लागली, त्यानेच ती थांबवणे अवघड केले होते. मी मूळ मापाचे टायर पुन्हा बसवले. ड्रम, व्हील सिलिंडर, मागचे लायनर, आतून फुगलेले रबरी होज आणि सगळा द्रव बदलला. या साऱ्याला त्या हौशी टायरांच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला.

अनेक जण जुन्या गाडीला थेट डिस्क ब्रेक बसवून घेण्याच्या विचारात असतात. विचार चुकीचा नाही, पण ते काम अर्धवट केले तर मूळच्या ड्रमपेक्षा धोका वाढतो. डिस्कच्या कॅलिपरला द्रव जास्त लागतो, म्हणून पेडलच्या जोराने द्रव ढकलणारा मास्टर सिलिंडर आणि तो जोर वाढवणारा बूस्टर त्याला जुळणारे हवेत. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा आधी पकडू लागला तर ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते, म्हणून बोजानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढून टाकता येत नाही. हॅन्डब्रेकचीही सोय पाहावी लागते. त्याच कंपनीच्या त्याच गाडीच्या नंतरच्या आवृत्तीचा पूर्ण संच मिळत असेल तरच हा खर्च करावा, असे माझे मत आहे. शिवाय नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करणे बरे.

एअर ब्रेक असलेल्या जुन्या ट्रकांचे दुखणे निराळे आहे. तेथे हवेच्या टाकीतले पाणी रोज सोडणे आणि स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रम यांतले अंतर योग्य राखणारा भाग) वेळेवर आवळणे या दोन कामांवर बरेच काही अवलंबून असते, आणि उसाच्या हंगामात फेऱ्यांच्या घाईत नेमकी हीच कामे राहून जातात. स्वयंचलित स्लॅक ॲडजस्टर बसवणे ही जुन्या ट्रकसाठी खरी उपयोगी सुधारणा आहे, मात्र ते एका एक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बसवावेत.

माझी विनंती आरटीओ, मालवाहतूकदारांच्या संघटना आणि जिल्ह्यातील साखर कारखाने यांना आहे. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला दरवर्षी पासिंग करावे लागते. खासगी गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षे आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करेपर्यंत ब्रेक दाखवण्याची वेळच येत नाही. माझ्या गाडीच्या धुराची तपासणी सहा महिन्यांनी होते, ब्रेकची पाच वर्षांनी. तेव्हा नवरात्रापूर्वी आणि गाळप सुरू होण्याआधी अक्कलकोट रस्ता, हैदराबाद रस्ता आणि तुळजापूर रस्त्यावर जुन्या वाहनांसाठी ब्रेक तपासणीची शिबिरे घ्यावीत. त्यांत दंडाची पावती न फाडता द्रवातील पाण्याचे प्रमाण, ड्रम आणि डिस्कचे माप व होजची स्थिती मोजून मालकाच्या हाती लेखी द्यावी. कारखान्यांनी ऊस वाहतुकीचा करार करताना त्या वर्षातल्या अशा तपासणीचा कागद मागितला, तर ट्रकमालकही ती टाळणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक वाहनमालक, जुळे सोलापूर