मत्स्यव्यवसाय मंत्री साहेब, तुटलेला बोल्ट आधी बघायला लावा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब, नमस्कार. मी मालवण तालुक्यात आउटबोर्ड मशीनची, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनांची कामं करतो, बावीस वर्षं झाली या धंद्याला, हात कायम ऑइलमध्ये असतात त्यामुळे अर्ज-बिर्ज लिहायची सवय नाही, पण मोबाईलवर जमेल तसं लिहितोय कारण हा विषय कोणी मांडताना मला दिसत नाही. विषय अगदी छोटा आहे, बोटभर लांबीचा बोल्ट. ज्या बोल्टांवर आमच्या होडीचं मशीन मागे लटकलेलं असतं ते बोल्ट.

मागच्या सप्टेंबरातली गोष्ट सांगतो. देवबागकडचे एक काका सकाळी सकाळी शेडवर आले, फायबरची होडी, मागे ४० एचपीचं मशीन. म्हणाले, "रे, बोल्ट परत तुटलो. जाडसो घाल एक, सांजेक जावचा आसा." हंगाम १ ऑगस्टला सुरू झालेला म्हणजे जेमतेम दीड महिना, आणि तेवढ्यात हा तिसरा बोल्ट. पहिले दोन त्यांनी स्वतःच बाजारातून आणून घातले होते. मी विचारलं तुटलेला तुकडा कुठाय, तर म्हणाले टाकला समुद्रात, त्याच्यात बघूचा काय. नशीब, या वेळचा नटाकडचा अर्धा तुकडा आतच अडकून राहिला होता, तो मी काढला, रॉकेलमध्ये धुतला आणि उन्हात धरून त्यांना दाखवला.

साहेब, तुटलेल्या बोल्टचं तोंड बोलतं. झटक्यात तुटलेला बोल्ट असला की पूर्ण तोंड सारखंच खरखरीत दिसतं, कधी कधी तुटायच्या जागी तो ओढल्यासारखा बारीक झालेला असतो. या बोल्टचं तसं नव्हतं. पाऊण भाग गुळगुळीत, काळपट-तांबूस, आणि त्याच्यावर तिसऱ्या म्हणतात त्या शिंपल्यांवर असतात ना तशा बारीक गोलाकार रेघा, एका कडेपासून सुरू होऊन आत सरकत गेलेल्या. आणि दुसऱ्या कडेला नखाएवढा भाग फक्त साखरेसारखा दाणेदार, चकचकीत. म्हणजे भेग कितीतरी दिवस आधीच पडली होती, तिच्यात खारं पाणी जाऊन डाग पडला होता, रोजच्या हलण्याने ती थोडी थोडी पुढे सरकत होती, आणि शेवटी जेवढं लोखंड उरलं तेवढंच त्या दिवशी तुटलं. गुळगुळीत भाग मोठा आणि दाणेदार भाग छोटा असला तर त्याचा अर्थ बोल्टवर ताकद फार आली नव्हती, ताकदीला तो पुरून उरत होता. त्याला मारलं ते हलण्याने. म्हणून जाडा बोल्ट घालून काही होत नाही, तो पण तसाच जाणार, दोन आठवडे उशिरा.

मग हलतं का, हा खरा प्रश्न. होडी रेतीवर घेतली, काकांच्या मुलाला मशीनचा पाय खालून पंख्याजवळ धरून मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि मी बोट ठेवून बसलो. हे डोळ्याला दिसत नाही साहेब, बोटाला कळतं. एक बोट अर्धं ब्रॅकेटवर, म्हणजे मशीन फळीला धरून ठेवतो त्या लोखंडी भागावर, आणि अर्धं होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर. तिथे सरकलं तर दोष ट्रान्समच्या बोल्टचा नाहीतर फळीचा. मग बोट टिल्टच्या पिनवर, जिच्यावर मशीन वर उचललं जातं, तिथे सरकलं तर बुश गेले. मग सुकाणूचा ब्रॅकेट आणि मशीनचा पाय यांच्या मध्ये, तिथे हादरे खाणारे रबराचे माउंट असतात आणि त्यांचे स्वतःचे लांब बोल्ट असतात. तिथे रबराची काळी पूड दिसली, गंजाचा ओघळ दिसला, किंवा फॉरवर्डमधून रिव्हर्स टाकल्यावर मशीन "ठक" करून मान टाकतं, तर माउंटचे बोल्ट तुटलेत नाहीतर रबर गेलं. बाहेरून सगळ्याला लोक एकच म्हणतात, "मशीन हलता". पण तीन ठिकाणचे तीन वेगळे आजार आहेत आणि पहिल्याचं औषध तिसऱ्याला चालत नाही. मी अशी मशीनं पाहिली आहेत ज्यांचे ट्रान्समचे बोल्ट दोनदा बदलले आणि खरा तुटलेला बोल्ट आत रबर माउंटमध्ये तसाच होता.

काकांच्या होडीत बोट सरकलं ते पहिल्या जागी, आणि वरच्या बाजूला. वरचेच का, ते पण सांगतो. पंखा खाली पाण्यात होडीला पुढे ढकलतो, त्यामुळे ब्रॅकेटची खालची बाजू फळीवर दाबली जाते आणि वरची बाजू फळीपासून सुटायला बघते, वरून मशीनचं वजन मागे लोंबतं ते वेगळंच. म्हणजे वरचे बोल्ट कायम ओढले जातात. पंखा लाटेवर हवेत येऊन परत पाण्यात बसला की प्रत्येक वेळी एक हिसका. घट्ट दाबून बसवलेल्या बोल्टला हा हिसका फारसा कळत नाही, कारण तो हिसका फळी आणि ब्रॅकेट मिळून खातात. दाब गेला की प्रत्येक हिसका सरळ बोल्टच्या आट्यांवर, आणि नटात शिरणारा पहिला आटा तिथेच तो तुटतो. या बोल्टचंही अगदी तिथेच तुटलेलं.

आता दाब का गेला. मी हातोडीच्या मागच्या दांड्याने फळीवर ठोकत गेलो, कडेला टण टण आवाज, आणि बोल्टच्या भोवती भद भद. आतल्या बाजूच्या वायसरखाली फळी दबून खड्डा पडलेला. काकांची परवानगी घेऊन आतून सहा एमएमचं ड्रिल मारलं तर भुसा पिवळा कोरडा यायला हवा तो काळा, ओला, चिखलासारखा बाहेर आला आणि त्याला कुजत घातलेल्या सोडणांसारखा, म्हणजे नारळाच्या सालांसारखा वास. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं साहेब, बोल्टच्या भोकाला सील नीट नसलं की पाणी भोकातून आत मुरतं, बाहेरून होडी नव्यासारखी दिसते आणि आत लाकूड कुजतं. कुजलेलं लाकूड दबतं, दबलं की बोल्ट ढिला, ढिला की हलतो, हलला की भोक मोठं, अजून पाणी आत. आणि त्यात जाडा बोल्ट घालायला आपण भोक अजून मोठं पाडतो, ते भोक उघडं कुजलेल्या लाकडात.

बोल्टचं पण सांगायला हवं. दुकानात "एसएस" म्हणजे स्टेनलेस स्टील म्हणून मिळतो तो बहुतेक ३०४ नंबरच्या जातीचा असतो. खाऱ्या पाण्याला ३१६ लागतो, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून तो खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडला जास्त टिकतो. आमचे लोक लोहचुंबक लावून बघतात, नाही चिकटला म्हणजे चांगला, पण दोन्ही तसे न चिकटणारेच, चुंबकाने हा फरक कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर बघायचं, ए२-७० लिहिलं असेल तर ३०४ च्या जातीचा, ए४-७० नाहीतर ए४-८० असेल तर ३१६ च्या जातीचा. काहीच लिहिलेलं नसेल तर घ्यायचाच नाही. आणि एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना चावतात, पाना अडतो, आपल्याला वाटतं टाइट झाला, आणि आत दाब काहीच बसलेला नसतो. ग्रीस किंवा अँटीसीझ लावून बसवायला दोन मिनिटं लागतात, ते कोणी शिकवलेलंच नाहीये.

मला हे लागतं कारण माझ्याच चुलत भावाचं असं झालं. कर्ली नदीच्या मुखाशी लाट चढताना पंखा हवेत आला, परत बसला, आणि वरचे दोन्ही बोल्ट एकदम गेले. मशीन मागे कलंडलं, हँडल हातातून सुटलं, चालू मशीन क्लॅम्पच्या एका स्क्रूवर आणि होडीला बांधलेल्या दोरीवर लटकत होतं, आणि किल स्विचची दोरी, जी ओढली गेली की मशीन बंद होतं, ती त्याच्या मनगटाला होती म्हणून ते बंद पडलं. हाताला सात टाके पडले. त्याच्या बोल्टचे तुकडे माझ्याकडे आहेत, एकाचं तोंड जवळजवळ पूर्ण गुळगुळीत आणि काळं. म्हणजे तो बोल्ट कितीतरी दिवस आधीच मेलेला होता, दुसरा एकटा ओझं ओढत होता, आणि माझा भाऊ त्या होडीवरून रोज जात होता.

म्हणून एक तुटला की सगळे बदलायचे असतात, उरलेल्यांनी तेवढेच हिसके खाल्लेले असतात.

यात आमच्या लोकांची चूक मी काढत नाही. मासा लांब गेला, पर्ससीनच्या मोठ्या जाळीवाल्यांशी आणि एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांशी पुरं पडायचं तर लांब जावं लागतं, म्हणून ९.९ च्या जागी २५ आणि ४० एचपी आलं, होडी आणि तिची फळी मात्र तीच राहिली. ४० एचपीचं मशीन ७० किलोच्या वर भरतं. एक दिवस होडी वर ठेवली तर त्या दिवसाचं बुडतं, म्हणून "बोल्ट घाल आणि सोड" हे चालतं. माझ्यासारखे मेकॅनिक पण तेच करतात, गिऱ्हाईक उभं असतं.

साहेब, तुमच्याकडून मला फार मोठं काही नकोय. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या सगळ्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, मेकॅनिक रिकामे असतात. त्या दोन महिन्यांत पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदराबंदरावर मशीनची बैठक, म्हणजे मशीन होडीला जिथे बसतं ती फळी आणि बोल्ट, तपासायची शिबिरं घ्या. एका होडीला अर्धा तास पुरतो, हातोडी, ड्रिल आणि एक माणूस पाय हलवायला. पावसात होडीवरचं झाप बाजूला करावं लागेल, त्याला माझी आणि माझ्यासारख्या पाच-सात जणांची मदत फुकट मिळेल हे मी आजच लिहून देतो. मशीनसाठी अनुदानाची जी योजना असेल तिच्यात बैठकीचा खर्च वेगळा धरा, म्हणजे ३१६ चे बोल्ट, आतून लावायची सहा एमएमची पट्टी, मरीन सीलंट, आणि फळी कुजलेली निघाली तर ती बदलायचे पैसे, कारण लाखाच्या वरचं मशीन शंभर-दोनशे रुपयांच्या बोल्टवर आणि कुजक्या फळीवर टांगायला सरकारचे पैसे जाऊ नयेत. किनाऱ्यावरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना आउटबोर्डचे चार दिवस द्या, नुसतं कार्ब्युरेटर नको, बैठक पण. पर्यटकांच्या बोटींना पण हेच लागू करा, तिथे मागे १२ एमएमच्या चार बोल्टांवर मशीन असतं आणि पुढे दहा माणसं बसलेली असतात.

आणि समुद्रात मशीन सुटून अपघात झाला की पंचनाम्यात "बोल्ट तुटल्याने" एवढं लिहून थांबू नये, तुकडा पिशवीत घालून ठेवावा, तोंड न घासता, त्याचा फोटो जोडावा. दोन वर्षांत तुमच्याकडे एवढे तुकडे जमतील की कुठल्या बंदरात कशामुळे तुटतात ते तुमचेच अधिकारी सांगू शकतील.

काकांच्या होडीचं काय झालं ते राहिलं. त्या संध्याकाळी मी त्यांना सोडलं नाही, खूप बोलले मला, दोन दिवस शेडवर आलेच नाहीत. मग आले. फळी आतून उघडून कुजका भाग काढला, नवीन मरीन प्लाय, वर फायबरचे थर, सुकायला वेळ दिला, भोकाच्या तोंडाची कड थोडी तिरपी घासून सीलंट भरलं, आतून पट्टी, चारही बोल्ट नवे, सहज ढिले न होणारे नायलॉक नट, आणि पहिल्या फेरीनंतर परत पाना लावला. नऊ दिवस होडी वर होती. मे अखेरीला बंदीसाठी होडी वर घेतली तेव्हा मी परत बोट ठेवून बघितलं, काकांनी स्वतः मशीनचा पाय हलवला, काही सरकलं नाही.

माझ्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस तुटलेले बोल्ट आहेत, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, कुठली होडी, किती एचपी, कुठे तुटला. तुम्ही मालवणात आलात तर दहा मिनिटं द्या, नाहीतर मी डबा घेऊन मुंबईला येतो.

आपला,
मालवण तालुक्यातला एक आउटबोर्ड मेकॅनिक