पदर आणि पडदा

चि. रूथ हिस आईचे आशीर्वाद.

मंदिराचा पडदा फाटला, मग चर्चमध्ये डोक्यावर पदर घ्यायचा आग्रह कशाला, हा तुझा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला. मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आधी बायबलमधलं निर्गम २६ काढ. अंतरपट, म्हणजे परमपवित्र स्थान झाकणारा पडदा, निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचा आणि त्यात करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय दूत, विणलेले. आदाम-हव्वेला बाहेर काढल्यावर एदेनच्या वाटेवर देवाने पहाऱ्याला ठेवले, तेही करूबच. म्हणजे पुढे यायला मनाई आहे, हे त्या कापडातच विणलेलं होतं. आत जाई एकटा महायाजक, वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, अर्पणाचं रक्त घेऊन.

येशूने प्राण सोडला आणि मंदिरातला तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून, हे शुभवर्तमान लिहिणारे मत्तय आणि मार्क दोघेही आवर्जून सांगतात. जिथे माणसाचा हात पोचत नाही, तिथून देवानेच तो उघडला. आणि मार्क लगेच पुढच्याच वचनात कोणाला बोलू देतो? रोमी शताधिपतीला, शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याला! यहुदी नसल्यामुळे मंदिराच्या आतल्या अंगणातही ज्याला पाऊल टाकता आलं नसतं, तो क्रुसासमोर उभा राहून येशूला देवाचा पुत्र म्हणतो. इथे मला दर वेळी भरून येतं.

देवाशी बोलून आलेल्या मोशेच्या चेहऱ्याचं तेज लोकांना सोसवेना म्हणून तो तोंड झाकून बोले, असं पुष्कळांना वाटतं. निर्गम ३४ सावकाश वाच. देवाचं सांगणं लोकांना कळवताना त्याचा चेहरा उघडा आहे. बोलणं संपल्यावर तो आच्छादन घेतो आणि देवासमोर जाताना पुन्हा काढतो. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, २ करिंथ ३ मध्ये, म्हणतो की आता आपण सर्वच उघड्या मुखाने प्रभूचं तेज पाहतो. त्या ‘सर्व’मध्ये तू आहेस, बाळा.

डोकं झाकण्याविषयी लिहिलं तेही पौलानेच, त्याच करिंथच्या मंडळीला, पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात. तिथे बायका प्रार्थना करतात, देवाचा संदेश देतात, हे तो धरूनच चालतो. वाद आहे तो चारचौघांत मर्यादा कशी पाळावी याचा, असं मी तरी वाचते. पदराला अंतरपट समजू नकोस. मला तो घेतल्यावाचून प्रार्थनेला उभं राहवत नाही, ती माझी भक्ती. तुला नको वाटला तर घेऊ नकोस. कोणी टोकलंच तर भांडू नकोस, पण त्यापायी पुढे येऊन प्रार्थना करणं सोडू नकोस.

या रविवारी शास्त्रपाठ तुझ्याकडे आहे ना? २ करिंथ ३ वाच, १२ ते १८ वचनं. सावकाश वाच, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे.

तुझी,
आई