तुझ्या बोअरबद्दल, आणि आपल्या भांडणाबद्दल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला तुझ्याकडून निघालो तेव्हा वहिनींनी हातावर तिळगूळ ठेवला, पण आपण दोघं एकमेकांशी धड बोललो नाही. बीडहून पुण्यापर्यंत एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. फोन केला तर पुन्हा आवाज चढतील, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझी चूक सांगतो. रानाच्या पाण्यासाठी तू एकेक उपाय सांगत होतास आणि मी प्रत्येकाला नाट लावत होतो. मग करायचं काय, हे मी एकदाही बोललो नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या आपल्या जुन्या ग्रंथात, अक्षपाद गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. कसंही करून जिंकायचंच म्हणून बोलतात तो जल्प. आणि आपली बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी मोडत राहायची, ती वितंडा. आपण मात्र 'वाद झाला' म्हणजे भांडण झालं असंच धरतो. इतका चांगला शब्द आपण वाया घालवला. त्या दिवशी मी तुझ्याशी वितंडा केली. तुझं रान पणाला लागलेलं असताना ते फार वाईट केलं. मला माफ कर.

आता जमिनीखालचं पाणी बघायला आणलेल्या पाणाड्याचं. तळहातावर नारळ आडवा धरून तो बांधाबांधानं चालला, आंब्याखाली नारळ उभा राहिला आणि तू माझा दंड घट्ट धरलास. नारळ उभा राहिला हे मीही पाहिलं. 'शेजारच्या रानात त्यानं दाखवलं तिथं पाणी लागलं' हे तुझं कारण. पण धूर दिसला की तिथे विस्तव आहे, हे नैयायिक, म्हणजे त्या न्यायसूत्रांच्या परंपरेतले पंडित, दोन्ही बाजूंनी तपासून घेतात. स्वयंपाकघरात धूर आहे तिथे विस्तवही आहे, हा अन्वय. तळ्यात विस्तव नाही, तर धूरही नाही, हा व्यतिरेक. तुझ्याजवळ अन्वय आहे, तोही एकाच बोअरचा. नारळ जिथे आडवाच राहिला तिथे खणलं असतं तर कोरडं निघालं असतं का? ते कुणी बघितलंय?

आणि हेच वाक्य उलटं केलं की फसतं. विस्तव तिथे धूर, असं म्हणता येत नाही. लोहाराकडचा लाल झालेला लोखंडाचा गोळा आठव. आग आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. अशा आड राहिलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटलं. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपली निम्मी भांडणं त्या न दिसलेल्या अटीपाशीच असतात. पाण्याचीही अशी अट आहे. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या पाषाणावर आहे. त्या दगडाच्या अंगात पाणी फारसं नसतं. ते असतं भेगांत आणि वरच्या मुरमात. शेजाऱ्याचं रान ओढ्याला लागून, तुझं माळावर. त्याला पाणी ओढ्यानं दिलं की नारळानं, हे आधी वेगळं करायला हवं.

शिवाय 'पाणी लागलं' म्हणजे काय? तू म्हणालास लागलं, मी म्हणालो नाही, आणि दोघंही हट्टाला पेटलो. ॲरिस्टॉटलचा नियम असा, की एखादी गोष्ट एकाच वेळी, एकाच अर्थानं, आहे आणि नाही अशी दोन्ही असू शकत नाही. 'एकाच वेळी, एकाच अर्थानं' हे शब्द गाळले की नियम निकामी होतो. तू ऑगस्टमधल्या धारेबद्दल बोलत होतास, मी मार्चमधल्या मोटारीबद्दल, जिचं पाणी दहा मिनिटांत तुटतं. खरं तर आपल्यात विरोध नव्हताच.

एक वाक्य मात्र जिव्हारी लागलं. तू म्हणालास, 'एक तर बोअर घ्यायचा, नाहीतर रान विकायचं.' बोअर घ्यायचा किंवा घ्यायचा नाही, यात तिसरं काही नसतं, कबूल. पण 'घ्यायचा नाही' म्हणजे 'विकायचं' नव्हे. त्या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही आहे, आणि ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या जुन्या विहिरीत ओहोळाचं पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून सोडता येईल. खालच्या कोपऱ्यात शेततळं बसतं. ऊस कमी करून त्या जागी ज्वारी-हरभरा घेता येईल. हे माझं म्हणणं. आता तू ते मोड. त्यातही उपाधी असतील, आणि त्या माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहेत.

तोवर एक कर. सुंभाला दगड बांधून दर रविवारी विहिरीत सोड, काठापासून पाणी किती हात खाली आहे ते वहीत लिही. शेजाऱ्याच्या विहिरीचंही त्याच दिवशी, त्याच सुंभानं. शिमग्याला मी येतो, ती वही घेऊन आंब्याखाली बसू. बोअरवाल्याला त्याआधी विसार देऊ नकोस, एवढी विनंती.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच