काका, दुसरी बाटली मोरीत गेली नाही, त्याबद्दल

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना,
सा. न. वि. वि.

काका, तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "ते राहू दे, जिन्यातला दिवा कधी बदलताय?" म्हणून विषय मोडता. दोनदा झालं. म्हणून हे उघड पत्र. नात वाचून दाखवेल तुम्हाला. आणि पहिली बाटली ज्यांनी माझ्याबरोबर मोरीत ओतली ते चौघंही वाचतील. त्यांनी तर वाचायलाच पाहिजे.

त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. माझा मेहुणा अँटवर्पला असतो. दिवाळीत सांगलीला आला तेव्हा बिअरच्या पाऊण-पाऊण लिटरच्या दोन बाटल्या घेऊन आला. शँपेनसारखं फुगीर बूच, वर तारेची जाळी. विमानातून ड्युटी न भरता माणशी दोन लिटरच आणता येते, तरी त्यानं उरलेला अर्धा लिटर सोडून दिला, कारण बॅगेत त्याच्या बहिणीची चॉकलेटं होती. बेल्जियन पद्धतीची स्ट्राँग पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची कडक बिअर, ८.५ टक्के अल्कोहोलची. बनवणाऱ्याचं नाव इथं लिहीत नाही. महिनाभर त्याला शिव्या घातल्यात, आता कुठल्या तोंडानं लिहू?

आपल्याकडं स्ट्राँग म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रीजरमध्ये घालून दात शिवशिवतील इतकी गार करायची आणि चव लागायच्या आत संपवायची. आम्ही तेच केलं. तासगाव रस्त्यावरच्या मळ्यात पाच जण बसलो, बाटली कुल्फीसारखी गार, बूच उडालं, निम्मा फेस सतरंजीवर. ग्लास तोंडाशी नेला आणि पाचही जण थांबले. वास गोठ्याचा! म्हशी पाळणारा एक जण आमच्यात आहे. तो म्हणाला, "आमच्या गोठ्यात याच्यापेक्षा बरा वास येतो." त्यावर मत द्यायला काही उरलंच नाही. सगळी मोरीत. मेहुण्याला फोनवर "एकदम झकास" असं सांगितलं, तेही माझ्याच तोंडानं.

आता माझी बाजू. मी बेदाण्याचा अडत्या. सौद्याच्या आधी नमुना हातात आला की रंग बघायचा, चोळून चिकटपणा बघायचा, आणि मग नाकाला लावायचा. आंबूस वास आला की माल बाजूला, पुढं चर्चा नाही. वीस वर्षं नाकानं पोट भरलंय. त्या नाकानं एकदा "गेला" म्हटलं की माझ्या लेखी विषय संपतो. दुसरी बाटली मी ठेवली ती फक्त काचेसाठी. रिकामी करून तिच्यात मनीप्लांट लावणार होतो.

आणि त्या शनिवारी तुम्ही मेंटेनन्सचं रजिस्टर घेऊन आलात. मी बेसिनपाशी उभा, तारेचे सहापैकी चार पीळ सोडलेले. तुम्ही दारातूनच ओरडलात, "बूच दाबून धरा!" मला वाटलं गॅसच लीक झाला. मग तुम्ही बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून लेबल डोळ्याला टेकवलं आणि हसायलाच लागलात. "ब्रेटानोमायसिस! अहो, हा इथं कुठं?" नोकरीतला जुना वैरी एसटी स्टँडवर अवचित भेटावा तसं. ब्रेटानोमायसिस हे एका जंगली यीस्टचं नाव.

तुम्ही डिस्टिलरीच्या लॅबमध्ये होता एवढं माहीत होतं. तिथं नक्की काय करायचात, ते मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मळीपासून स्पिरिट करायचं तर यीस्ट शुद्ध लागतं. नळीतून चंबूत, चंबूतून भांड्यात, भांड्यातून मोठ्या फर्मेंटरमध्ये, असं लेकरासारखं वाढवावं लागतं. मध्येच बाहेरचं भटकं यीस्ट शिरलं की ते साखर खातं आणि स्पिरिट मात्र कमी उतरतं. ब्राझीलमध्ये उसापासून इंधनाचं अल्कोहोल करणाऱ्या कारखान्यांना हाच ब्रेटानोमायसिस छळतो, हेही तुम्हीच सांगितलंत. वाइनवाले त्याला दोष मानतात. "आयुष्यभर याला हाकलायचा पगार घेतला," तुम्ही म्हणालात, "आणि हे लोक त्याला बोलावून आणतात, वर लेबलावर नाव छापतात. चव घेतल्याशिवाय मी तरी फेकू देणार नाही."

काका, मला अडकलं ते इथं. हा वास नाकारायचा हक्क माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त होता.

मग तुमच्या सूचना सुरू झाल्या. बाटली आठ दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसू दे. फ्रीजर नाही, फ्रिजचा खालचा कप्पा. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. आणि भडंग आणू नका. सांगलीत राहून भडंगाला बंदी! बायको म्हणाली, काकांना बरं नाही का?

रविवारी तुम्ही पाचला आलात. सोबत पायवाले दोन काचेचे कप, काकूंचे, आइस्क्रीमचे. आल्या आल्या मधुमेहाचा हिशोब सांगितलात: तुम्ही दोनच घोट घेणार. आणि खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवलात, आजन्म मुदतीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझ्या माहितीत परवाना काढून पिणारे तुम्ही एकटेच.

कप तिरका धरून हळूच ओतलंत, शेवटचा दोन बोटं गाळ बाटलीतच ठेवलात. मी नाक पुढं केलं, तर तुम्ही हात आडवा घातलात. "हरिपूरचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरतं का?" नाही उतरत. हळदीचं पेव, म्हणजे साठवणीचा जमिनीतला खोल खड्डा, उघडलं की आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे इथलं पोरगंही सांगेल. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली, पण ती शिस्त आमच्या अंगात आहे. बाटलीला ती लावायची हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. दहा मिनिटं आम्ही नुसते बसलो. रंग बघितला. पिवळा बेदाणा उजेडात धरल्यावर दिसतो तसा, आणि वर फेसाची साय, हलता हलत नाही अशी.

मग वास घेतला. गोठा होताच, खोटं कशाला बोलू. पण आता तो अंगणापलीकडचा गोठा होता. त्याच्या आधी ओल्या चामड्याचा वास, पावसात भिजलेल्या वहाणेचा. त्याच्या आतून लवंग. आणि अगदी खाली, मी तुम्हाला दोनदा विचारून खात्री केली, अननसाची साल. तुम्ही म्हणालात, लवंग बेल्जियन यीस्टनं केली. बार्लीत असलेल्या एका आम्लापासून ते लवंगेच्या वासाचं द्रव्य बनवतं. ब्रेटानोमायसिस मागून येतो आणि अशा द्रव्यांना आणखी एक पीळ देतो. मग एकातून धुरकट मसाल्याचा वास निघतो, त्याच्याच भावंडातून घोड्याच्या घामाचा. म्हणजे माझ्या नाकानं ओळखलं होतं बरोबर, निकाल चुकीचा दिला होता.

पहिल्या घोटाला जीभ गोडीसाठी तयार होती, इतका जाड रंग बघून. गोडी नाहीच. खडखडीत कोरडी, बारीक बुडबुड्यांची, शेवटी कडवट, आणि गिळल्यावर छातीत ऊब. साडेआठ टक्के जिभेवर कुठंच कळत नाहीत. याच्यामागचं कारण ऐकून मात्र मी उसाच्या पट्ट्यातला माणूस म्हणून खूश झालो: हे लोक बिअरमध्ये साखर घालतात! त्यांची साखर बिटाची, पण साखरच. यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकतं, त्यामुळं अल्कोहोल चढतं आणि अंग हलकं राहतं. साधं यीस्ट जेवून उठलं की पानात मोठ्या साखळ्यांची साखर उरते, ती त्याला चावत नाही. ब्रेटानोमायसिसला चावते. तो महिनोन्‌महिने ते उष्टं निवांत संपवत बसतो, म्हणून हा कोरडेपणा आणि एवढा फेस. साखर जास्त राहून बाटली बंद झाली तर काच फुटते, हे सांगताना तुम्ही हात असे काही फाकवलेत की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मला वाटायचं जंगली यीस्ट म्हणजे रानातून धरून आणलेलं, आणि ती बिअर आंबटच असणार. दोन्ही चूक. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात लँबिक नावाची बिअर होते, तिथं थंडीच्या दिवसांत गरम काढा रात्रभर उथळ उघड्या हौदात ठेवतात आणि हवेतून जे पडेल त्यावर सोडतात. ब्रसेल्समधलं कांतियों हे घराणं १९०० पासून तेच करतंय. आमच्या बाटलीतलं मात्र लॅबमध्ये वाढवलेलं, मोजून घातलेलं. आणि आंबटपणा मुख्यतः जिवाणूंचा. हा गडी एकटा असला, हवा मिळाली नाही, तर फार आंबवत नाही.

नावाची गंमत माझ्या बायकोला जास्त आवडली. १९०४ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या क्लॉसेननं मुरवलेल्या इंग्रजी बिअरमध्ये हे यीस्ट ओळखलं आणि नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. त्याच कार्ल्सबर्गमध्ये हॅन्सननं १८८३ साली एकच शुद्ध यीस्ट वेगळं काढून सगळ्या जगाला शिस्त लावली होती. "एकानं साहेबासारखी शिस्त लावली, दुसऱ्यानं साहेबाचीच बुरशी शोधली," असं तुम्ही म्हणालात आणि तुमचा दुसरा घोट घेतलात. मग कप उलटा ठेवलात. आग्रह केला तरी नाही. हा संयम बघून मला लाज वाटली, आणि तिसरा कप मी भरला.

भडंगाची चोरी कबूल करतो. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मूठभर खाल्लं आणि वर घोट घेतला. तिखट, बुडबुडे आणि अल्कोहोल, तिन्ही मिळून घसा पेटला. तुम्ही परत आलात, माझे डोळे बघितलेत, काही बोलला नाहीत. काकूंनी पाठवलेल्या मिठातल्या उकडलेल्या शेंगा मात्र अशा जमल्या की बशी कधी संपली कळलं नाही. शेंगांचा मातकट गोडवा आणि तो गोठा, शेजारी-शेजारीच राहणारे.

त्या रात्री मेहुण्याला फोन लावून खरं सांगून टाकलं. तो रागावेल वाटलं होतं. तो इतका हसला की फोन त्याच्या बायकोनं घेतला. पुढच्या वेळी ओर्वालच्या बाटल्या आणतो म्हणाला. ती बेल्जियमच्या दक्षिणेतल्या मठात बनते, ६.२ टक्क्यांची, आणि बाटलीत भरताना तिच्यात हेच यीस्ट घालतात. ताजी असताना हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास पुढं असतो, जुनी झाली की आपला गोठा. त्या मठाची एक गोष्टही आहे. मॅटिल्डा नावाच्या सरदारणीची अंगठी झऱ्यात पडली आणि एका माशानं ती तोंडात धरून वर आणून दिली. लेबलवर तोच मासा आहे. कृष्णेत आमच्या आजीची पाटली पडली होती, ती अजून कुणी आणून दिलेली नाही.

तर दोन बाटल्या येतील. एक लगेच उघडायची आणि दुसरी वर्षभर ठेवून मग, असं तुम्हीच ठरवलंत. मी म्हटलं, वर्षभर कोण थांबणार? तुम्ही म्हणालात, "मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, मी थांबतो म्हणतोय, तुम्हाला काय घाई आहे?" ठीक आहे. लिहून ठेवलंय. त्या दिवशीही परवाना आणा, कप आणा, आणि साखर तपासून या.

त्या चौघांना कळवतो की दुसरी बाटली संपली, आणि त्यांना मिळणार नव्हतीच. म्हशीवाल्यानं मात्र एकदा काकांना भेटावं. काकांना त्याच्या गोठ्याचा वास घ्यायचाय, तुलनेसाठी.

राहिली एक गोष्ट. बाटलीतला दोन बोटं गाळ तुम्ही उकळून गार केलेल्या साखरेच्या पाण्यात घालून, वर फडकं बांधून खिडकीत ठेवलाय. यीस्ट अजून जिवंत आहे का बघायला. काल बघितलं, पाण्यावर पांढरी, सुरकुतलेली साय धरलीय. तुम्ही खूश आहात. काकू मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ती लोणच्याची बरणी आहे, लोणच्यावर अशी साय आली की आम्ही ते टाकून देतो, आणि कैऱ्या बाजारात आल्यात. मी म्हटलं, विचारून सांगतो.

काका, बरणीचं काय सांगू?

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा बेदाणेवाला
विश्रामबाग, सांगली

ता. क. जिन्यातला दिवा बदलला.