पैसे चालण्याचे घेतले, फिरवलं जीपने

प्रति,
व्यवस्थापक, हिमालय सहल विभाग

विषय: नेपाळमधल्या घोरेपानी–पून हिल–घांद्रुक पदभ्रमणात केलेली फसवणूक आणि त्यानंतर ग्राहक कक्षाकडून मिळालेली वागणूक

काल दुपारी तुमच्या ग्राहक कक्षाशी झालेलं बोलणं शेवटचं. यापुढे मी फोन करणार नाही. जे असेल ते लेखी, आणि उत्तरही लेखीच हवं आहे.

तुमचं पॅकेज काय आहे हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको, पत्रक तुम्हीच छापलंय. पोखऱ्याहून नयापुलपर्यंत गाडी. बिरेठांटीला परवान्याची नोंद करून चालायला सुरुवात. तिखेढुंगा, तिथून दगडी पायऱ्यांनी उल्लेरी, पुढे बांठांटी, नांगेठांटी करत घोरेपानी. पहाटे सूर्योदय बघायला पून हिलची टेकडी. मग देउरालीवरून गुरांसाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, जंगलातून ताडापानी आणि शेवटी उतरून घांद्रुक. ‘संपूर्ण प्रवास पायी, मुक्काम गावातल्या चहाघरांत.’ हे शब्द तुमचे आहेत. पत्रक सोबत जोडलंय, त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आहे.

प्रत्यक्षात आम्ही चाललो फक्त उल्लेरी ते घोरेपानी, तिथून पून हिल, आणि त्याच वाटेने परत उल्लेरी. बाकी सगळं जीपने.

नयापुलला उतरायचं होतं तिथे गाडी थांबलीच नाही. बिरेठांटीच्या नोंदणीपुरती थांबली आणि पुन्हा सुटली. तुमचा समन्वयक म्हणाला, ‘आता उल्लेरीपर्यंत रस्ता झालाय, सगळे जीपनेच जातात.’ रस्ता झालाय हे मला माहीत आहे. पण मग पत्रकात तिखेढुंग्याच्या पायऱ्या कशाला छापल्या? तीन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत त्या. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी साठीच्या पुढच्या. त्या पायऱ्यांसाठी आम्ही सगळा हिवाळा पर्वती चढलो-उतरलो. बहिणीने गुडघ्यांसाठी व्यायाम लावून घेतला. आम्हाला त्या पायऱ्या चढायच्या होत्या, आणि म्हणूनच तुमच्याकडे पैसे भरले होते. नयापूल समुद्रसपाटीपासून साधारण 1,070 मीटरवर, उल्लेरी 2,000 च्या आसपास. खालच्या भातखाचरांपासून वर मगर जमातीच्या लोकांच्या दगडी छपरांच्या घरांपर्यंत हा जो चढ आहे, तो पायांनी चढला की गावं एकामागून एक कळत जातात. आम्हाला धूळ आणि हॉर्न मिळाला.

तरी तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, पुढचं जंगल तर आहे.

घोरेपानीला पोचलो. पहाटे अंधारात पून हिल चढलो. 3,210 मीटर. धवलगिरीच्या माथ्यावर आधी रंग चढला, मग अन्नपूर्णा दक्षिण, मग माछापुच्छ्रे. ते सुंदर होतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की नीट उजाडण्याआधीच तुमचा समन्वयक ‘चला, चला’ करायला लागला. खाली आल्यावर आम्हाला सांगण्यात आलं की ताडापानीच्या वाटेवर दरड कोसळली आहे, वाट बंद आहे, सबब आल्या मार्गाने उल्लेरीला उतरायचं आणि जीपने घांद्रुकला जायचं.

हे खोटं होतं. आदल्या रात्री ताडापानीहून चालत आलेली दोन तरुण मुलं आमच्याच लॉजमध्ये उतरली होती. जेवणघरातल्या लोखंडी शेगडीभोवती त्यांचे आणि आमचे मोजे शेजारी शेजारी वाळत होते. वाट कोरडी आहे, गुरांस फुलून आलाय, वानरं दिसली, असं ती स्वतः सांगत होती. लॉजच्या दीदींनीही सांगितलं की कुठेही दरड नाही. खरं कारण एवढंच की पुढची तुकडी पोखऱ्यात येऊन थांबली होती आणि तोच समन्वयक, त्याच जीपा तुम्हाला तिकडे हव्या होत्या. हे मला कोणी सांगितलं ते मी लिहिणार नाही. तिथल्या गाइडला किंवा भरियांना (सामान वाहणाऱ्यांना) यासाठी जाब विचारलात तर तोही या तक्रारीचा भाग होईल.

मार्चअखेर आम्ही मुद्दाम निवडला होता. गुरांस फुलतो तो याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये. खाली लालभडक, वर जावं तसा गुलाबी, आणखी वर जवळजवळ पांढरा. घोरेपानी ते ताडापानी हा त्याचा मुख्य पट्टा. शेवाळाने भरलेले ओकचे बुंधे, ओढ्याकाठची ओली वाट, देउरालीच्या खिंडीत थांबून घ्यायचा चहा. मी चाळीस वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं. हिमालयातला ऱ्होडोडेंड्रॉन फळ्यावर खडूने काढून दाखवला. तो त्याच्या रानात, उंचीगणिक रंग बदलताना बघायचा होता. त्याऐवजी मी जीपच्या काचेतून घांद्रुकला पोचले. तिथेही गुरुंग जमातीच्या लोकांच्या गल्ल्यांतून धावत फिरवलं, संग्रहालय बाहेरून दाखवलं आणि पोखऱ्याला परत आणलं. मुक्काम नाही. पत्रकात घांद्रुकचा मुक्काम छापलेला आहे, तिथेही लाल रेघ आहे.

आता कालचा फोन.

आधीच्या फोनवर ‘सीनियर बोलतील’ असं सांगितलं होतं. काल ते सीनियर बोलले. सुरुवातीला मॅडम म्हणत होते. मी पत्रकातली ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘मॅडम, पण सूर्योदय मिळाला ना? तो तर आमच्या हातात नसतो, तरी मिळाला.’

मी म्हटलं, सूर्योदयाबद्दल तक्रार नाही, ताडापानीच्या जंगलाबद्दल आहे.

‘जंगलात काय असतं मॅडम? झाडंच असतात. मेन पॉइंट पून हिल, तो आपण कव्हर केला.’

मी पुन्हा सांगितलं की पैसे आम्ही चालण्याचे भरले आहेत. तिथून त्यांनी मॅडम सोडून काकू धरलं. ‘बघा काकू, रागावू नका, पण आपल्या वयाला जीप बरीच नाही का? काही झालं असतं तर आमच्यावरच आलं असतं.’

आमच्या वयाला काय बरं ते आम्ही ठरवलं होतं. आमच्या दोघींचे वैद्यकीय दाखले तुम्हीच मागितले होते, ते तुमच्या दप्तरी आहेत. डॉक्टरांनी त्यात चालायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. हे मी त्यांना सांगितलं. पलीकडे कोणाशी तरी हसून बोलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘काकू, बाकीच्या सगळ्यांनी पाच स्टार दिलेत. तुम्हीच एकट्या आहात. तुम्ही एन्जॉय केलंत की नाही ते सांगा ना आधी.’

मी विचारलं, वाट बंद होती असं तुम्ही लेखी द्याल का?

‘लेखी कशाला काकू? विश्वास ठेवा ना.’

आणि फोन ठेवला. मी ठेवला नाही, त्यांनी ठेवला. माझं वाक्य अर्धं असताना.

‘झाडंच असतात’ हे वाक्य हिमालयाच्या सहली विकणाऱ्या कंपनीतला माणूस बोलतो, याचा विचार व्यवस्थापनाने करावा. तुमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याच जंगलाचा फोटो आहे. ती झाडं दाखवूनच तुम्ही आमच्याकडून पैसे घेतलेत.

जेवणाबद्दलही लिहायला हवं, कारण त्याची मला तिथे लाज वाटली. ‘हिमालयातही आपलं मराठी जेवण’ ही तुमची जाहिरात. त्यासाठी तुम्ही पिठल्याची, उपम्याची, साबुदाणा खिचडीची तयार पाकिटं खोकी भरून वर नेलीत आणि लॉजवाल्या दीदींकडून फक्त उकळतं पाणी मागितलंत. चहाघराची रीत तुम्हाला ठाऊक नाही, असं मी मानत नाही. तिथे खोली स्वस्त मिळते, कारण जिथे झोपायचं तिथेच जेवायचं असतं आणि घर चालतं ते जेवणावर. त्या बाई पहाटेपासून चुलीपाशी उभ्या होत्या. खालून खेचरांवर चढवलेला तांदूळ, परसातला भाजीपाला, गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, घातलेली आमटी. तुमच्या लोकांनी त्यांच्याच टेबलावर पाकिटं फोडली. आम्ही दोघींनी स्वतःच्या पैशाने दाल-भात घेतला. दीदींनी डाळ आणि भात दोन-दोनदा आग्रह करून वाढला. तुमच्या समन्वयकाने वर आम्हालाच ऐकवलं की तुमच्यामुळे बाकीचे लोकही मागायला लागतील. मागू देत की! जेवणाचे पैसे आम्ही भरलेच होते. मराठी जेवण मला घरी मिळतं.

आणि भरिया. दोन प्रवाशांच्या बॅगा एका भरियाकडे, असं तुमच्या सूचनापत्रकात आहे. आमच्या भरियाच्या, दाजूंच्या (दाजू म्हणजे दादा), पाठीवर तीन बॅगा आणि वर तुमच्या पाकिटांचं खोकं. कपाळावर नाम्लोचा पट्टा रुतलेला. आम्ही दोघींनी आपापल्या सामानातलं जड ते पाठपिशवीत काढून घेतलं, तर समन्वयक म्हणतो, ‘राहू दे मॅडम, त्यांना सवय असते.’ पावतीत ‘गाइड व भरिया बक्षिसी समाविष्ट’ अशी ओळ आहे, तिचे पैसे तुम्ही आगाऊ घेतले आहेत. शेवटच्या दिवशी दाजूंना विचारलं, तर त्यांना असं काही मिळाल्याचं माहीतच नव्हतं. आम्ही आमच्याकडून दिलं. पण इतर प्रवाशांनी पावतीवर विश्वास ठेवून काहीच दिलं नाही. ते पैसे कुठे आहेत? ग्राहक कक्षाचं उत्तर: ‘ते लोकल एजन्सीचं असतं.’ पैसे मी लोकल एजन्सीला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत.

परवान्याचा हिशोब तर सरळच आहे. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात प्रवेश करायला इतर परदेशी नागरिकांना 3,000 नेपाळी रुपये लागतात, पण भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना 1,000. आमच्या परवान्यांवर 1,000 छापलेले आहेत. तुमच्या पावतीवर 3,000. एका भारतीय रुपयास 1.60 नेपाळी रुपये या दराने फरक होतो माणशी 1,250 भारतीय रुपये. दोघींचे 2,500. या संरक्षण क्षेत्राचा प्रकल्प 1986 मध्ये घांद्रुकलाच सुरू झाला, आणि परवान्याचा पैसा तिथलं जंगल, वाटा आणि गावं यांसाठी असतो. त्याच नावाखाली तुम्ही जादा पैसे घेतलेत. रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे.

सूचनापत्रकात ‘आधार कार्ड पुरेसे’ असंही छापलं आहे. विमानाने नेपाळला जाणाऱ्या 65 वर्षांपर्यंतच्या प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आमच्याबरोबरच्या एका तरुणाला मुंबई विमानतळावर अडवलं. त्याच्या वडिलांनी ठाण्याहून मतदार ओळखपत्र धावतपळत आणून दिलं म्हणून तो बसला. तुमचा माणूस तोवर आत निघून गेला होता.

पण परवाना, बक्षिसी, जेवण हे सगळं बाजूला ठेवलं तरी मुख्य तक्रार तीच आहे, आणि ती पुन्हा लिहिते. ताडापानीची वाट उघडी होती. तुम्ही ती बंद असल्याचं सांगितलंत. आम्ही चालायला तयार होतो, धडधाकट होतो, पैसे भरलेले होते, आणि तुम्ही आम्हाला जीपमध्ये बसवलंत. माझ्या बहिणीचे गुडघे पुढच्या वर्षी हा चढ करू देतील की नाही ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. त्याची भरपाई तुम्ही दिलेल्या सवलतीच्या कूपनने होत नाही. ते कूपन मी परत पाठवत आहे.

तुमच्याबरोबर आमच्या घरातले लोक आई-वडिलांपासून जात आले. चारधामला आई तुमच्याच माणसांचा हात धरून गेली होती आणि परत आल्यावर कितीतरी दिवस त्यांचं कौतुक सांगत होती. त्या विश्वासावर मी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. तो विश्वास आता उरलेला नाही.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. न झालेल्या पायी टप्प्यांचे आणि घांद्रुकच्या मुक्कामाचे पैसे परत. परवान्याच्या फरकाचे 2,500 रुपये परत. बक्षिसीची रक्कम गाइड आणि भरियांना पोचल्याची त्यांच्या सहीची पावती. वाट बंद असल्याचं कोणी, कशाच्या आधारावर ठरवलं त्याचा लेखी खुलासा. आणि काल बोललेल्या सीनियर साहेबांकडून लेखी माफी, माझ्या बहिणीच्याही नावाने.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पुण्याच्या जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींसाठी तक्रार दाखल करेन. त्या कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, तुमचं मुख्य कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद आजच केली आहे.

पत्रक, पावती, दोन्ही परवान्यांच्या प्रती आणि घोरेपानीच्या लॉजचं दाल-भाताचं बिल सोबत आहे. आश्विनातल्या तुकडीसाठी तुमचं नवं पत्रक कालच व्हॉट्सॲपवर आलं. त्यात अजूनही ‘संपूर्ण प्रवास पायी’ असंच छापलंय. ती ओळ खरी करा, नाहीतर आजच काढा.

आपली ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक पावतीवर)