दोहामार्गे नको, पण या

न्यूरेंबर्ग, 6 जुलै 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकडे लढाई पेटलीय, यंदा राहू दे." मला काही बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते आहे. ऑक्टोबरात बाळ येईल तेव्हा मला आई जवळ हवी आहे.

तुमची काळजी खरी आहे. इराण-इस्रायलच्या लढाईत 23 जूनला कतारने काही तास विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा माझ्या मैत्रिणीचे सासू-सासरे अर्ध्या वाटेतून परत फिरले. म्हणून दोहा-दुबईचं स्वस्त तिकीट मी बघणारच नाही. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, मध्ये कुठे उतरायचं नाही. पैसे जास्त लागू देत.

आधी आईच्या नावाचं बघा. आधारवर 'सुमनबाई' आणि शाळेच्या दाखल्यावर 'सुमन' आहे. शिवाय आधारवर कुणीतरी 1 जानेवारी ही जन्मतारीख टाकून ठेवलीय. जळगावला जाऊन आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टचा अर्ज. उलट केलंत तर फाईल अडकून पडेल. साठीच्या पुढे 1500 ऐवजी 1350 रुपये फी आहे, ती मी इथूनच भरते. पुढे पोलीस चौकशीला घरी येतील, त्या दिवसांत भुसावळला लग्नाला वगैरे जाऊ नका.

व्हिसासाठी इथल्या सरकारी कचेरीत पगाराचे कागद दाखवून मी तुमचं हमीपत्र केलंय. मूळ प्रत कुरियरने पाठवते, तिची झेरॉक्स चालत नाही. 30,000 युरोचा विमाही काढते. व्हिसाला बोटांचे ठसे घेतात, आणि बाबा, मला तुमच्या बोटांची काळजी आहे. केळीच्या चिकाने काळी पडलेली, भेगाळलेली बोटं आधारच्या वेळी मशीनने तीनदा नाकारली होती. आठ दिवस आधीपासून घड कापायला जाऊ नका. रात्री आईकडून खोबरेल चोळून घ्या.

नाशिकच्या एक काकू त्याच विमानाने मुलाकडे येणार आहेत. दोनदा येऊन गेल्यात, त्यांना सगळं माहीत आहे. मी त्यांच्याशी बोलले आहे. तुम्हीही एकदा फोन करा, म्हणजे विमानतळावर ओळख नवी वाटणार नाही. अमरावती एक्सप्रेसने पहाटे दादरला उतराल, मामा स्टेशनवर असेल. बाबांच्या खिशात ठेवायला जर्मनमध्ये चिठ्ठी लिहून देते: आम्ही मुलीकडे चाललोय, हा तिचा पत्ता, हा फोन.

आई, तूप आणि तुपातले डिंकाचे लाडू बांधू नकोस. बाहेरून येणाऱ्यांना इथे दूध-तूप आणायला बंदी आहे. डिंक तेवढा आण, तूप आपण इथल्या लोण्याचं कढवू. बामणोदची भरताची वांगीही आणता येणार नाहीत. केळीला मात्र कसलाही दाखला लागत नाही. बाबा, आपल्या मळ्यातली एक फणी आणा. कच्चीच काढा, म्हणजे इथे येऊन पिकेल.

तुमची,
मनी