अर्थशास्त्राच्या प्रवेशअर्जातला ओईचा रकाना

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईच्या महाविद्यालयांत प्रवेशाची झुंबड उडते. ‘मेजर अर्थशास्त्र’ एवढे ठरवून आलेली मुले पुढचे रकाने, म्हणजे मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला विषय; सगळे तिला ओईच म्हणतात) आणि व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम), खिडकीपाशी उभ्या उभ्या भरून टाकतात. मैत्रिणीने काय घेतले आणि तास किती वाजता सुटतात, एवढेच पाहिले जाते. तीन वर्षांनी एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेत घोडे अडते ते बहुधा याच रकान्यांमुळे.

कला शाखेतून येणाऱ्या बऱ्याच मुलांचे गणित दहावीलाच सुटलेले असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या नव्या रचनेत ते पुन्हा धरायची सोय आहे, पण ती कुणी सांगत नाही. सत्राला २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट), तीन वर्षांत १२० ते १३२. त्यातले ओईचे १० ते १२ श्रेयांक स्वतःच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावे लागतात. कलेच्या विद्यार्थ्यासाठी ही सक्ती म्हणजे विज्ञान आणि वाणिज्य विभागांतल्या गणित-संख्याशास्त्राचे उघडे दारच. प्रत्यक्षात त्या जागी ‘आहार आणि आरोग्य’ येऊन बसतो. विषय चांगलाच आहे, पण त्याने मागणीचे समीकरण सुटत नाही.

आखणी शेवटाकडून करावी. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, नुसत्या बी.ए.वर बसता येत नाही. म्हणजे आधी एम.ए. कुठे करायचे, ते पाहायला हवे. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या एम.एस्सी.ला बारावीचे गणित मागतात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेशपरीक्षेत दोनपैकी एक पेपर गणिताचा असतो. कलिन्याची मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी किंवा पुण्याची गोखले संस्था डोक्यात असेल, तरी पहिल्याच सत्रात गणित लागते. बारावीला गणित नव्हते, त्यांना एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेवढा एकच विषय देता येतो. मात्र आपल्याला हव्या त्या संस्थेला तो चालतो का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

क्रम चुकला तर चांगला विषयही वाया जातो. पहिल्या वर्षी फलन (फंक्शन), डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर), महत्तम-न्यूनतम. दुसऱ्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या आत हे हातात हवे. संभाव्यता, वितरणे आणि गृहीतक-चाचणी तिसऱ्या-चौथ्या सत्रात आणि अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणे) त्यानंतरच. पाचव्या सत्रात अर्थमिती येते तेव्हा पहिल्या वर्षी घोकलेले ‘मध्य, मध्यक, बहुलक’ एवढेच आठवत असेल, तर मुले ‘आर-स्क्वेअर’कडे (समीकरण आकड्यांशी किती जुळते, याचे ० ते १ मधले माप) परीक्षेच्या टक्क्यांसारखे बघतात: ०.९ म्हणजे डिस्टिंक्शन. दोन आकडे वर्षानुवर्षे नुसते वाढत असले तरी ०.९ येतो, हे कळायला संभाव्यतेची बैठक लागते.

गणित नेमके कुठे नडते, ते एका उदाहरणाने दिसेल. मागणी Q = १०० − २P, यात P म्हणजे किंमत. किंमत २० रुपये असताना मागणी ६०, म्हणजे विक्रीचे उत्पन्न १,२००. लवचिकता (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते) किती, असे विचारले की निम्मा वर्ग ‘उणे २’ सांगतो. तो उतार झाला. लवचिकता म्हणजे उतार गुणिले P भागिले Q, इथे उणे ०.६७. रेषेवर उतार सगळीकडे एकच राहतो, लवचिकता मात्र बिंदूगणिक बदलते. म्हणून किंमत २५ केली तर मागणी ५० वर येऊनही उत्पन्न १,२५० होते, आणि ३० केली की पुन्हा १,२००. ‘लवचिकता एकापेक्षा कमी असेल तर भाव वाढवल्यास उत्पन्न वाढते’ हे वाक्य (उणे चिन्ह सोडून) पाठ असते, ते २५ वर का थांबते हे सांगता येत नाही. डेरिव्हेटिव्ह घेतला की दोन ओळींत सुटते. यासाठी महागडा क्लास नको. बालभारतीच्या बारावी वाणिज्यच्या गणित-संख्याशास्त्राच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्हचे उपयोग याच मागणी-खर्चाच्या उदाहरणांनी दिले आहेत, आणि दुसऱ्या भागात प्रतीपगमन (रिग्रेशन), कालश्रेणी, निर्देशांक आहेत. पुस्तक पीडीएफ स्वरूपात फुकट मिळते. जूनमध्ये रोज तासभर बसले तर पहिला भाग बराचसा हातावेगळा होतो.

मायनरही याच हिशेबाने घ्यावा. त्याला १८ ते २० श्रेयांक असतात, म्हणजे ओईपेक्षा मोठे माप. संख्याशास्त्र मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास राज्यशास्त्र-इतिहासही चालतील, पण मग ओईत गणित सोडू नये. महाविद्यालयात गणिताची ओईच नसेल तर ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम आहेत. यूजीसीच्या नियमानुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात. घोळ इथेही होतो. मुले आधी अभ्यासक्रम पुरा करतात आणि मग प्रमाणपत्र घेऊन कार्यालयात जातात. महाविद्यालयाची मान्यता नोंदणीआधी घ्यावी लागते, नाहीतर प्रमाणपत्र फाइलमध्ये राहते आणि श्रेयांक खात्यात येत नाहीत.

वेळेचाही हिशेब मांडावा. एका श्रेयांकाला १५ तास व्याख्यान, प्रात्यक्षिकाला ३०. म्हणजे २२ श्रेयांकांना १५ आठवड्यांत आठवड्याला किमान २२ तास वर्गात जातात. त्यात ठाणे-वाशी लोकलचा रोजचा प्रवास धरला, तर गणिताची ओई आणि अर्थमिती एकाच सत्रात घेणे म्हणजे दोन्हीकडे एटीकेटी ओढवून घेणे.

क्षेत्र-प्रकल्पाबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण आपल्याकडे त्यासाठी सोन्यासारखी जागा आहे आणि तरी मुले मॉलबाहेर पन्नास जणांना ‘तुम्ही समाधानी आहात का’ विचारून येतात. वाशीच्या एपीएमसीतली (घाऊक बाजार समिती) कांद्याची आवक आणि भाव ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोजचे मिळतात. सुट्टीच्या दिवसाचा रकाना रिकामा असतो. तिथे शून्य भरले की सरासरी कोसळते. घाऊक भाव क्विंटलचा, किरकोळ किलोचा. घाऊक १,८०० रुपये क्विंटल आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात ३० रुपये किलो, तर फरक किलोमागे १२ रुपये. हा विक्रेत्याचा नफा नव्हे. त्यातून टेम्पो, हमाली, जागा आणि गोणीतला सडका माल जातो. विक्रेत्याला ‘नफा किती?’ विचारले तर उत्तर ठरलेले: ‘कसला नफा, साहेब.’ त्याऐवजी ‘आज किती गोण्या आणल्या, कितीला पडल्या, काल किती टाकून द्याव्या लागल्या’ असे विचारावे, तेही संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत. मूळ आकड्यांची फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि दुरुस्त्या प्रतीवर कराव्यात. हिशेबाला ‘आर’ हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर पुरते, तेही फुकट.

चौथे वर्ष संशोधनासह करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. ही अट मुलांना पाचव्या सत्रात कळते. पहिल्या सत्रातले ५५ टक्के तोवर भरून काढणे जड जाते.

महाविद्यालयांकडे आमचे मागणे एवढेच आहे: ओई आणि मायनरची यादी वेळापत्रकासह प्रवेशअर्ज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लावा, आणि अर्थशास्त्राच्या एका शिक्षकाला प्रवेशाच्या दिवसांत त्या खिडकीशेजारी बसवा.

आपले,
अर्थशास्त्राचे दोन शिक्षक, नौपाडा, ठाणे